मिशन शाळेत हातकामाचे आणि कलेचे ऐच्छिक वर्ग कसे सुरू करावेत

कार्यानुभवाचा तास बहुतेक शाळांच्या वेळापत्रकात असतो आणि घटक चाचणी जवळ आली की तो गणिताला दिला जातो. उरलेल्या तासांत मुलं आइस्क्रीमच्या काड्यांचं घर करतात, क्रेप कागदाची फुलं करतात. प्रदर्शन संपलं की ते सगळं कपाटावर चढतं आणि पुढच्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते. मुलांना हे बरोबर कळतं. आपण केलेल्या वस्तूची कुणालाच गरज नाही हे एकदा लक्षात आलं की हात सैल पडतो, टाका वाकडा गेला तरी उसवावासा वाटत नाही.

ख्रिस्ती संस्थेच्या हायस्कूलला या बाबतीत एक मोठी सोय आहे आणि ती आपण फारशी वापरत नाही. शाळेला लागून चर्च असतं, चर्चभोवती धर्मग्राम, म्हणजे त्या चर्चच्या लोकांची वस्ती, असतो आणि त्या धर्मग्रामाच्या गरजा खऱ्या असतात. फाटलेली गीतपुस्तकं, उसवलेले पडदे, सणाला लागणारे दिवे, नाताळचा गोठा (येशूजन्माचा देखावा), एकट्या राहणाऱ्या एखाद्या आजींच्या घरचा बंद पडलेला पंखा. मुलांनी केलेलं काम त्याच वर्षी कुणाच्या तरी वापरात गेलं पाहिजे. ऐच्छिक वर्गाची सगळी आखणी या एका गोष्टीभोवती करावी असं माझं ठाम मत आहे.

लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर वसई पट्ट्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, इयत्ता आठवी आणि नववी. अहिल्यानगर, पुणे, कोल्हापूरच्या मिशन शाळांना किंवा गोव्यातल्या शाळांना थोडा फेरफार करून हेच वापरता येईल.

हे काम आपल्याला नवं नाही

पालकसभेत कुणीतरी उठून विचारतंच, "शाळेत मुलांना सुतारकाम कशाला?" त्यांना सांगायला आपल्याकडे चांगला इतिहास आहे. इटलीतल्या तुरीन शहरात डॉन बॉस्को या कॅथलिक धर्मगुरूंनी १८५३ मध्ये अनाथ आणि गरीब मुलांसाठी शिंपीकाम आणि चांभारकामाचे वर्ग काढले, १८५४ मध्ये पुस्तकबांधणीचा. आज डॉन बॉस्को नावाच्या ज्या तांत्रिक शाळा भारतभर दिसतात, त्यांचं मूळ तिथे आहे.

आपल्या जवळचं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना आणि विधवांना मुक्ती सदनात आसरा दिला. तिथे शेती होती, गोठा होता, तेलघाणा होता, हातमाग होते, छापखाना होता. शेकडो माणसांना रोज जेवायला लागत होतं आणि अंगावर कपडे लागत होते, म्हणून ही कामं निघाली. रमाबाईंनी मराठीत भाषांतरित केलेलं बायबल त्याच छापखान्यात तिथल्या बायकांनी छापलं आणि रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, ते पूर्ण बाहेर आलं. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या त्या हातांपैकी कित्येक हातांना काही वर्षांपूर्वी अक्षरओळखही नव्हती.

गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत, कारण रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, वाजवायला कुणीतरी हवं असे. त्या परंपरेतून आलेल्या गोमंतकीय वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद उभा केला. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यातली ठळक नावं.

आणि ज्यांना ही फक्त मिशनऱ्यांची गोष्ट वाटते त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाकडे पाहावं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा त्यांचा अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत पोचला. आठवड्यातला एक पूर्ण दिवस कामाला, शिकवायला गावातलेच कारागीर आणि कामं गावाच्या उपयोगाची. खाली जे सांगणार आहे त्यातलं बरंच त्या विचारावर उभं आहे.

पायरी १: गरजांची यादी, एप्रिलमध्येच

शाळा जूनमध्ये उघडते, त्यामुळे तयारी उन्हाळी सुट्टीआधी झाली पाहिजे. दोन शिक्षकांनी फादरांकडे, सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये, चर्चच्या गायकवृंदाकडे, गावातल्या महिला मंडळाकडे आणि शाळेच्या शिपायाकडे जावं. शिपायाला विसरू नका. शाळेत काय मोडलंय हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. "तुम्हाला काय हवंय?" असं विचारलं तर लोक संकोचतात किंवा भलतंच मोठं काहीतरी सांगतात. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा: गेल्या वर्षभरात कोणतं छोटं काम पैसे देऊन बाहेरून करून घेतलं? आणि कोणतं काम पडूनच राहिलं?

उत्तरं लिहून काढली की यादी आपोआप लांब होते. मग तिला चाळणी लावा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ते पाच महिन्यांत शिकून पूर्ण करता येईल का? अवजार हाताबाहेरचं तर नाही ना? आणि झालेली वस्तू कोण वापरणार, त्या व्यक्तीचं नाव सांगता येतं का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते काम यादीतून काढा, कितीही सुंदर असलं तरी.

उरलेल्या कामांतून चार-पाच वर्ग निवडायचे. इथे २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातली विभागणी उपयोगी पडते. त्यात व्यवसाय शिक्षणाचे तीन भाग केले आहेत: सजीवांबरोबरचं काम, यंत्र आणि साहित्याबरोबरचं काम, आणि माणसांच्या सेवेचं काम. प्रत्येकातला निदान एक वर्ग घ्या, वर एखादा निखळ कलेचा. म्हणजे शिवण, पुस्तकबांधणी आणि सुतारकाम असे तीन 'साहित्याचे' वर्ग निघाले आणि वाडीचं काम राहूनच गेलं, असं होत नाही.

पायरी २: शिकवणारे हात शोधा

शाळेच्या दाखल्यांवर पालकांचा व्यवसाय लिहिलेला असतो. ते रजिस्टर घेऊन एक दुपार बसा. वायरमन, शिंपी, केळी आणि फुलांची वाडी असणारे शेतकरी, लग्नात वाजवणारे बँडवाले, बेकरीत कामाला असलेले, मंडपाला साउंड लावणारे, सगळे त्यात सापडतात. निवृत्त माणसांनाही विचारा. वसईत अशा घरांची वाण नाही जिथे आजोबांनी आयुष्यभर छापखान्यात किंवा गिरणीत काम केलंय आणि आता त्यांना विचारणारं कुणी नाही.

कारागिराला वर्गात एकटं सोडू नका. प्रत्येक वर्गाला एक कारागीर आणि शाळेतला एक शिक्षक अशी जोडी हवी. कारागिराचा हात चालतो, पण तीस मुलांना एका जागी ठेवणं हे वेगळं कसब आहे. शिक्षकाला ते येतं, आणि पुढच्या वर्षी कारागीर आला नाही तरी निम्मं काम शिक्षकाच्या हाती आलेलं असतं. कारागिराला मानधन द्या, थोडं का होईना. सेवाभावावर पहिलं सत्र निघतं. दिवाळीनंतर माणूस येईनासा होतो आणि त्यात त्याचा दोष नसतो, त्याची रोजी बुडत असते.

पायरी ३: वेळापत्रकात जोडतास

पस्तीस मिनिटांच्या तासात हातकाम होत नाही. सामान काढायला पाच-सात मिनिटं, आवरायला दहा, मधे उरतं काय? शुक्रवारचे किंवा शनिवारचे शेवटचे सलग तीन तास मागून घ्या. तीन मिळत नसतील तर दोन, पण सलगच. आठवी आणि नववीच्या सगळ्या तुकड्यांना ही वेळ एकच ठेवा, म्हणजे मुलं तुकडी सोडून आपापल्या वर्गात जाऊ शकतात.

वर्ष दोन सत्रांत आपोआप विभागलेलं आहेच: जून ते दिवाळी आणि दिवाळी ते मार्च. प्रत्येक सत्रात मुलानं एक वर्ग घ्यायचा, म्हणजे दोन वर्षांत चार कामांची ओळख होते. कोणता वर्ग कधी, हे मोसम पाहून ठरवा. वाडीचं काम पहिल्या सत्रात, कारण छाटकलम लावायला पावसाळी हवा लागते. विजेचं काम दुसऱ्या सत्रात. ओलसर भिंती आणि ओल्या चपला घेऊन वायरिंग शिकवू नये. नाताळाशी संबंधित काहीही दिवाळीनंतर लगेच.

मुख्याध्यापकांनी एक गोष्ट शाळेच्या पहिल्याच सभेत सांगितली पाहिजे: हा तास दुसऱ्या विषयाला दिला जाणार नाही. एकदा दिला की वर्षभर द्यावा लागतो.

पायरी ४: मुलं कुठल्या वर्गात

पसंतीचा साधा कागद द्या, तीन पसंत्या क्रमानं. जागांपेक्षा नावं जास्त आली तर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाका. गुणांवर प्रवेश देऊ नका. हुशार मुलं संगणकाला आणि 'कच्ची' मुलं सुतारकामाला, ही वाटणी मी पाहिली आहे आणि तिच्याइतकं नुकसान दुसऱ्या कशानं होत नाही. ज्या दिवशी मुलांना कळतं की करवत हातात येणं ही शिक्षा आहे, त्या दिवशी तो वर्ग संपला.

मुली शिवणाला, मुलगे वायरिंगला हेही तसंच मोडून काढावं लागतं, आणि नुसतं "कुणीही काहीही घेऊ शकतं" म्हणून ते मोडत नाही. पहिल्या वर्षी प्रत्येक वर्गात निम्म्या जागा मुलींच्या आणि निम्म्या मुलग्यांच्या ठेवा. शिवणाच्या वर्गात शिकवायला एखादे शिंपीकाका आणा. आपल्याकडे शिंपीकाम पिढ्यान् पिढ्या पुरुषांनी केलं आहे, हे मुलग्यांना डोळ्यांनी दिसलं की पुढचं सोपं जातं.

पायरी ५: धर्म, संमती आणि सगळ्यांची शाळा

ख्रिस्ती शाळांत हिंदू, मुस्लिम, बौद्ध, आदिवासी घरांतली मुलं मोठ्या संख्येनं शिकतात. गरजांची यादी चर्चपासून सुरू झाली तर ही मुलं कुठे बसतात, हा प्रश्न मुख्याध्यापकांनी आधी स्वतःला विचारावा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० नं अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवायचा हक्क दिला आहे. अनुच्छेद २८(३) सांगतो की मान्यताप्राप्त किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. त्यासाठी संमती हवी, आणि मूल अल्पवयीन असेल तर ती पालकांची लागते.

व्यवहारात याचा अर्थ असा. गायकवृंदाचा वर्ग, बायबल-नाट्याचा वर्ग हे पूर्णपणे ऐच्छिक, पालकांच्या लेखी संमतीनं, आणि त्याच वेळी दुसरा तितकाच चांगला वर्ग उपलब्ध. बाकीच्या वर्गांतली निदान निम्मी कामं चर्चबाहेरची ठेवा: अंगणवाडीची खेळणी, वाचनालयातली पुस्तकं, पाड्यावरच्या घरांचे दिवे. शेजाऱ्याचं काम करताना शेजारी कोण हे विचारायचं नसतं, हा शाळेच्या श्रद्धेचाच भाग आहे. तो शब्दांत सांगायची गरज पडू नये.

संगीताच्या वर्गाबद्दल थोडं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजनं ओवी-अभंगांच्या चालीवर आणली आणि मराठी चर्चमध्ये ती आजही पेटी-तबल्यावर गायली जातात. दुसरीकडे स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन) आणि चार आवाजांतलं समूहगान आहे. दोन्ही शिकवा. पेटीवर सूर धरता येणाऱ्या मुलाला नोटेशन लवकर उमगतं आणि घरी भजन ऐकलेलं मूल या वर्गात परकं राहत नाही.

पायरी ६: सुरक्षितता

इथे काटकसर नको. विजेच्या वर्गात पहिले चार आठवडे फक्त बॅटरी आणि बारा व्होल्टचे दिवे. त्यानंतर सराव फळीवर, आणि त्या फळीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) बसवलेला हवाच. मुख्य स्विच शिक्षकाच्या हाताशी. सुतारकामात पटाशी नेहमी अंगापासून दूर ढकलायची, आणि लाकूड हातात धरून नाही, शेगड्यात (लाकूड आवळायच्या पकडीत) आवळून. शिवणयंत्राशी बसताना ओढणी बांधलेली, केस बांधलेले. प्रथमोपचाराची पेटी वर्गात, कार्यालयातल्या कुलपात नाही.

बाहेरून येणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद, ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणी शाळेकडे असावी. कुणीही मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबणार नाही, हा नियम फादर-सिस्टरांसह सगळ्यांना सारखाच. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक छळाची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'आपसात मिटवणं' नव्हे. हे कारागिरांना आणि शिक्षकांना पहिल्या बैठकीतच स्पष्ट शब्दांत सांगा.

एक वर्ग जवळून: पुस्तकबांधणी

सुरुवात कुठल्या वर्गानं करावी असं कुणी विचारलं तर मी पुस्तकबांधणी सांगते. खर्च कमी, धोका कमी आणि काम संपता संपत नाही. चर्चमध्ये गीतपुस्तकांची चळत असते, अर्ध्यांची पाठ निखळलेली. शाळेच्या वाचनालयातही तेच.

साहित्य: जाड सुई, दाभण, सुती दोरा, सुती फीत, मांजरपाट, पुठ्ठा, पट्टी, कटर (तो शिक्षकाच्या ताब्यात), मैद्याची खळ, आणि दाबायला शिकंजा. शिकंजा नसेल तर दोन सपाट फळ्या आणि चार विटा पुरतात. दोऱ्याला मेण लावावं लागतं, नाहीतर तो गुंततो आणि कागद कापतो. वेदीवरच्या मेणबत्त्यांची जी थोटकं उरतात ती मागून आणा. दोरा त्यावरून दोनदा ओढला की झालं.

आधी पुस्तक उघडून पाहायचं की ते फर्म्यांचं (एकत्र घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांचं) आहे की सुट्या पानांचं. वरून पाहिलं तर फर्म्यांच्या पुस्तकाच्या पाठीला घड्यांचे लहान लहान गठ्ठे दिसतात. सुटी पानं नुसत्या गोंदानं चिकटवलेली असतात. ही पारख पहिल्याच दिवशी शिकवा, कारण पुढचा सगळा मार्ग त्यावर ठरतो.

फर्म्यांचं पुस्तक असेल तर जुनं कव्हर अलगद सोडवायचं, पाठीवरचा वाळलेला गोंद ओल्या फडक्यानं मऊ करून खरवडायचा. फर्मे क्रमानं वेगळे ठेवायचे. मुलांची इथे हमखास गडबड होते, म्हणून प्रत्येक फर्म्याच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं बारीक आकडा घालायला लावा. घडी फाटलेली असेल तर पातळ कागदाची अर्ध्या इंचाची पट्टी खळीनं लावायची. चिकटटेप अजिबात नको. काही वर्षांत ती पिवळी पडते, सुटून येते आणि तिचा डाग पानातच राहतो.

मग घडीवर दाभणानं भोकं. सगळ्या फर्म्यांची भोकं एका रेषेत यायला हवीत, त्यासाठी पुठ्ठ्याची एक खूणपट्टी करायची आणि तीच प्रत्येक फर्म्याला लावायची. दोन-तीन सुती फितींवरून टाका घ्यायचा: आतून बाहेर, फितीला वळसा, पुन्हा आत. टोकाला आलं की खालच्या फर्म्याच्या टाक्यात सुई अडकवून गाठ. दोरा ताणायचा तो घडीच्या दिशेनं, वर ओढला तर कागद चिरतो. हे वाक्य मुलांना दहा वेळा सांगावं लागतं आणि अकराव्या वेळी त्यांचं बोटच ते ओळखतं.

शिवून झालं की पुस्तक ठोकून सरळ करायचं, दाबात धरायचं, पाठीला खळ आणि त्यावर मांजरपाट, दोन्ही बाजूंना एक-एक इंच बाहेर ठेवून. रात्रभर दाबात. पुढच्या आठवड्यात पुठ्ठे, पानांपेक्षा तीन बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मोठे. पाठ आणि पुठ्ठा यांच्यामध्ये सांध्याची जागा सोडायला विसरलं तर पुस्तक उघडतच नाही. शेवटी पुढे-मागे जाड कोरा कागद चिकटवून पुन्हा रात्रभर दाब.

सुट्या पानांच्या पुस्तकाला कडेपासून पाच मिलिमीटरवर आरपार भोकं पाडून शिवता येतं आणि ते मजबूतही होतं. पण असं पुस्तक पूर्ण उघडं राहत नाही. पेटी वाजवणाऱ्याला दोन्ही हात मोकळे लागतात, त्याला हे पुस्तक काय कामाचं? म्हणून आरपार शिवलेली पुस्तकं वाचनालयाला आणि घडीत शिवलेली गायकवृंदाला. वापरणारा कोण, यावरून टाका ठरतो, हे मुलांना इथे हातानं कळतं.

खळीबद्दल एक सूचना. बाइंडर लोक तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी आहे, शाळेत वापरू नका. लागेल तेवढीच खळ ताजी करा आणि उरलेली टाकून द्या.

नाताळचा गोठा: सगळ्या वर्गांचं एकत्र काम

१२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी गव्हाणीचा जिवंत देखावा उभा केला, तेव्हापासूनची ही रीत. वसईत घरोघरी, गल्लोगल्ली गोठे होतात. शाळेच्या दृष्टीनं त्याचं महत्त्व असं की एका कामात चित्रकला, सुतारकाम, वीज, वाडी आणि भूमिती एकत्र येतात.

दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात जागेचं माप घ्या आणि एकास दहा प्रमाणात आलेख कागदावर काढायला लावा. आराखडा मंजूर झाल्याशिवाय एकही बांबू कापायचा नाही. डोंगरांसाठी जुनी गोणपाटं पातळ चिखलात किंवा खळीत बुडवून बांबूच्या सांगाड्यावर टाकायची. वाळली की कडक होतात. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि गोणपाट दिसायलाही कितीतरी बरं. हिरवळीसाठी नाचणी किंवा गहू पसरट ताटल्यांत पेरायचे, सणाआधी साधारण दहा-बारा दिवस. थंडी जास्त असेल तर दोन दिवस आधी. दिवे बारा व्होल्टचेच, आणि वायर गवताखालून नेऊ नका.

देखावा बेथलेहेमचाच हवा, पण आजूबाजूची वस्ती आपली असू द्या: वाडी, विहीर, मिठागर. मुलांना आपला परिसर निरखून पाहावा लागतो, आणि ज्यांच्या घरी नाताळ नसतो त्या मुलांच्याही हाताला त्यात भरपूर काम मिळतं.

बाकीचे वर्ग, थोडक्यात

शिवण: पहिल्या सत्रात फक्त सरळ टीप. पिशवी, उशीचा अभ्रा, ॲप्रन. झगा-ब्लाउजच्या मागे लागू नका, मापात चूक झाली की मूल खचतं. वाडी: जास्वंद, मोगरा यांची छाटकलमं, केळीच्या मुनव्यांची (बुंध्याशी फुटणाऱ्या रोपांची) निवड, कंपोस्ट. सुकेळी (वाळवलेली केळी) करायची असतील तर ऊन पाहून उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत करा आणि केळी कोणत्या जातीची लागतात ते वाडीवाल्यांनाच विचारा. ध्वनी आणि छायाचित्रण: हे मुलांना फार आवडतं आणि चर्चला, शाळेला त्याची रोज गरज असते, पण महागडं यंत्र विकत घेण्याआधी वर्षभर असलेल्या सामानावर शिकवा. बेकरी करायची असेल तर भट्टी शाळेत आणू नका, मुलांना बेकरीत न्या.

गुण, नोंदी आणि मंडळाच्या परीक्षा

वर्गाचं मूल्यमापन तीन गोष्टींवर करा: कामाची वही, पूर्ण झालेली वस्तू, आणि ती वापरणाऱ्याचं मत. कामाच्या वहीत रोज चार ओळी पुरे: आज काय केलं, काय बिघडलं, कसं सुधारलं, किती साहित्य लागलं. वापरणाऱ्याचं मत घ्यायला मुलांनीच जायचं. गायकवृंदातल्या ताई म्हणाल्या की पुस्तक घट्ट उघडतं, तर ते परत आणायचं आणि सांधा सैल करायचा. यापेक्षा चांगली परीक्षा मला माहीत नाही.

चित्रकलेची मुलं असतील तर त्यांना कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसवा. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात. शास्त्रीय गायन-वादन-नृत्यालाही अशी सवलत आहे. नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक पाहूनच पालकांना आकडा सांगा. नवव्या इयत्तेपासून मंडळाचे मान्यताप्राप्त व्यवसाय विषय हवे असतील तर त्याला स्वतंत्र परवानगी, जागा आणि प्रशिक्षक लागतात. ती वाट दोन-तीन वर्षं साधे वर्ग नीट चालल्यावर धरा.

पैसा

फी घेऊ नका. साहित्याचा खर्च संस्था, शिक्षक-पालक संघ आणि माजी विद्यार्थी यांच्यात वाटा. माजी विद्यार्थ्यांकडे रोख मागण्यापेक्षा वस्तू मागा: घरात पडून असलेलं शिवणयंत्र, जुनी अवजारं, छापखान्यातला उरलेला कागद. वस्तू घेताना ती चालू आहे का ते पाहून घ्या, नाहीतर शाळेचं कोठार भंगारानं भरतं.

मुलांनी केलेल्या वस्तू सणाच्या स्टॉलवर विकल्या तर हिशेब फळ्यावर लिहा: आले किती, साहित्याला गेले किती, उरले किती आणि त्याचं काय करायचं. शेवटचा निर्णय मुलांना घेऊ द्या. मागणी वाढली म्हणून वर्गाचा कारखाना होऊ देऊ नका. तीच पिशवी मूल चाळिसाव्यांदा शिवत असेल तर ते शिकणं थांबलेलं असतं. खाण्याचे पदार्थ नियमित विकणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी लागते, ती आधी करून घ्या.

सुट्टीआधी

मार्चमध्ये शेवटचा वर्ग आवरण्यासाठीच ठेवा. अवजारांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला प्रत्येक अवजाराची आकृती रंगवून घ्या, म्हणजे काय कमी आहे ते एका नजरेत दिसतं. करवती आणि पटाश्यांना तेलाचं फडकं फिरवून कोरड्या कागदात गुंडाळा, वसईच्या दमट हवेत तेवढ्यानं गंज लांबतो. शिवणयंत्राचा पट्टा उतरवून ठेवा, खाली कापडाचा तुकडा ठेवून दाबपट्टी टेकवा. पुठ्ठा आणि कागद जमिनीवर नाही, मांडणीवर, भिंतीपासून चार बोटं सोडून. एक किल्ली मुख्याध्यापकांकडे, एक वर्गाच्या शिक्षकाकडे, आणि सामानाची यादी दोघांच्या सहीनं. पुढच्या वर्षाची गरजांची यादी लिहायला त्याच वहीचं पुढचं पान वापरा.